ओळखीच्या धाग्यात आलेला मेल: हाइज प्रकाशनगृहातलं इमोटेट प्रकरण

सोमवार, १३ मे २०१९. जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरात दुपारचे तीन वाजायला आले होते. हाइज या प्रकाशनगृहातल्या एका कर्मचाऱ्याने एक मेल उघडला. पाठवणाऱ्याचं नाव कामाच्या संबंधातलं, ओळखीचं. खाली दोन्ही बाजूंमध्ये खरोखर झालेल्या व्यवहाराचा मजकूर. मागणीही रोजच्यासारखीच होती: सोबतच्या वर्ड फाइलमधली माहिती तपासून घ्या, बदल असेल तर करा. फाइल उघडल्यावर आत एक खोटी सूचना दिसली, मजकूर दिसण्यासाठी वरचं बटण दाबा अशा अर्थाची. बटण दाबलं गेलं आणि इमोटेट हा मेलमधून पसरणारा घातक प्रोग्राम आत शिरला.

हाइज ही संगणकाशी फारसा संबंध नसलेली मंडळी नव्हेत. जर्मन भाषेतली संगणकविषयक नामांकित नियतकालिकं तिथून निघतात, आणि इमोटेटबद्दलचे इशारे त्यांनी स्वतःच वाचकांना दिलेले होते. तरीही हे घडलं. त्याहून मोलाची गोष्ट अशी की त्यांनी ते लपवलं नाही. जून २०१९ मध्ये त्यांनी घडलेला क्रम, स्वतःच्या चुकांसकट, जाहीरपणे लिहिला. पहिल्या फेरीत आपण काय गमावलं हे इतक्या उघडपणे सांगणाऱ्या संस्था फार कमी असतात. म्हणूनच अभ्यासायला हे प्रकरण निवडलं आहे.

यात सर्वात आधी एक समज बाजूला ठेवायला हवा. ‘कर्मचाऱ्याने सावध राहायला हवं होतं’ हे वाक्य या प्रकरणात फारसं कामाला येत नाही. तो मेल नेहमीच्या खुणांनी ओळखू येण्यासारखा नव्हता. भाषा मोडकी नव्हती, लॉटरी नव्हती, घाई नव्हती.

त्या मेलमध्ये खोटं काय होतं

इमोटेट २०१४ मध्ये पहिल्यांदा दिसला तेव्हा तो बँक खात्यांची माहिती चोरणारा होता. पुढे त्याचं रूप बदललं. आधी स्वतः आत शिरायचं आणि मग दुसऱ्या टोळ्यांचे प्रोग्राम भाड्याने आत सोडायचे, असा त्याचा धंदा झाला. ऑक्टोबर २०१८ पासून त्यात एक नवा भाग आला. बाधित संगणकावरच्या आउटलुकमधले मागच्या १८० दिवसांचे मेल तो उचलू लागला. प्रत्येक मेलमधला साधारण १६ केबीपर्यंतचा मजकूर चोरांच्या सर्व्हरवर जायचा. नुसते पत्ते नव्हे, अख्खी संभाषणं. एप्रिल २०१९ पासून त्या चोरलेल्या संभाषणांना ‘उत्तरं’ जाऊ लागली. म्हणजे हाइजमध्ये मेल पोचला तेव्हा ही युक्ती जेमतेम महिनाभर जुनी होती.

आता अशा मेलची पाठवणाऱ्याची ओळ जवळून पाहू. मेलमध्ये ‘कोणाकडून’ या ओळीचे दोन भाग असतात. पहिला भाग म्हणजे दाखवायचं नाव. ते पाठवणारा स्वतः टाइप करतो आणि त्यावर कोणाचीही तपासणी नसते. दुसरा भाग म्हणजे टोकदार कंसातला खरा पत्ता. इमोटेटचे मेल दाखवायच्या नावाच्या जागीच तुमच्या पुरवठादाराचं नाव टाकायचे, आणि पुष्कळदा त्याला लागून त्याचा मेल पत्ताही टाकायचे. त्यापुढे, ओळीच्या अगदी शेवटी, खरा पाठवणारा पत्ता असायचा. तो कुठल्या तरी तिसऱ्याच देशातल्या, पासवर्ड चोरीला गेलेल्या कंपनीचा. घाईत वाचणारा पहिला पत्ता पाहतो आणि थांबतो. मोबाइलवर तर तेवढंही दिसत नाही, नुसतं नाव दिसतं. जीमेलच्या ॲपमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाखाली ‘मला’ असं लिहिलेलं असतं, त्याशेजारचा छोटा बाण दाबला की पत्ता उघडतो. आउटलुकमध्ये नावावर माउस नेऊन थांबावं लागतं. नियम एवढाच लक्षात ठेवा की अशा मेलमध्ये ओळीतला शेवटचा पत्ता खरा.

इथे कार्यालयात एक गोंधळ नेहमी होतो. तुमच्या नावाने असे मेल फिरताहेत असा एखाद्या ग्राहकाचा फोन येतो आणि सगळे तुमच्याच संगणकावर तुटून पडतात. संभाषण दोघांकडे असतं, सीसीमध्ये असलेल्या तिसऱ्याकडेही असतं. त्यांतल्या कोणाचाही संगणक बाधित झालेला असू शकतो. म्हणून आधी तो खोटा मेल मागवून घ्यायचा, त्यात चोरलेला मूळ मजकूर कोणत्या तारखेचा आहे ते पाहायचं, आणि त्या मजकुराची प्रत कोणाकोणाकडे होती याची यादी करायची. दोन-तीन खोटे मेल मिळाले तर प्रत्येक यादीत येणारं नाव बहुतेक वेळा एकच उरतं.

एसपीएफ, डीकिम, डीमार्क: तिघांनी का अडवलं नाही

मेल सेवा पुरवणारे नेहमी सांगतात की हे तीन पहारेकरी बसवले की खोट्या नावाचे मेल थांबतात. हे अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं न समजल्यामुळे लोक गाफील राहतात.

एसपीएफ म्हणजे तुमच्या डोमेनच्या (मेल पत्त्यातल्या @ नंतरच्या भागाच्या) नावाने मेल पाठवायची परवानगी कोणत्या सर्व्हरांना आहे याची डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या सार्वजनिक नोंदवहीत, लावलेली यादी. डीकिम म्हणजे पाठवणाऱ्या सर्व्हरने मेलवर केलेली डिजिटल सही. डीमार्क या दोन्हींचा निकाल वाचणाऱ्याला दिसणाऱ्या पत्त्याच्या डोमेनशी जुळवून पाहतो, आणि जुळलं नाही तर काय करायचं ते सांगतो. आता इमोटेटचा मेल घ्या. तो तिसऱ्या कंपनीच्या खऱ्या खात्यातून, त्यांच्या खऱ्या सर्व्हरवरून, खऱ्या पासवर्डने निघालेला असतो. ओळीतला खरा पत्ताही त्याच कंपनीचा. त्यामुळे त्या कंपनीने हे पहारेकरी बसवलेले असले तर तिन्ही तपासण्या निर्धास्त पार होतात. जीमेलमध्ये तीन टिंबांच्या मेनूतून ‘शो ओरिजिनल’ उघडलं तर तिन्हींपुढे ‘पास’ दिसेल. ते ‘पास’ त्या तिसऱ्या डोमेनचं आहे. तुमच्या पुरवठादाराशी त्याचा काही संबंध नाही.

तरीही हे तिन्ही बसवायलाच हवेत, कारण ते दुसऱ्या प्रकारची नक्कल अडवतात: कोणीतरी थेट तुमचंच डोमेन वापरून तुमच्या ग्राहकाला ‘आमचा बँक खाते क्रमांक बदलला’ असं कळवतो, ती. बसवताना बिघडणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत. एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद चालते. जुना वेबसाइटवाला एक नोंद करून गेलेला असतो, नवा मेल पुरवठादार दुसरी टाकतो, आणि दोन झाल्या की दोन्ही निकामी होतात. एसपीएफ तपासताना डीएनएसमध्ये १० पेक्षा जास्त शोध लागले तरी तपासणी फसते. बिलिंगचं सॉफ्टवेअर, बातमीपत्राची सेवा, पगाराची सेवा असं एकेक जोडत गेलं की हा आकडा कधी ओलांडला ते कळतही नाही. डीमार्क सुरुवातीला ‘नन’ या धोरणावर ठेवा. त्यात काहीच अडत नाही, फक्त अहवाल येतात. काही आठवडे ते अहवाल वाचा आणि आपल्याच कोणत्या सेवा नापास होताहेत ते दुरुस्त करा. मग ‘क्वारंटाइन’ आणि त्यानंतर ‘रिजेक्ट’. पुष्कळ डोमेनं ‘नन’वरच वर्षानुवर्षं पडून असतात आणि मालकाला वाटतं की डीमार्क बसलेला आहे. कंपनीने नुसती विकत घेऊन ठेवलेली, मेलसाठी न वापरलेली डोमेनं असतील तर त्यांना पहिल्या दिवसापासून ‘रिजेक्ट’ लावून टाका.

बटणामागे काय घडतं

वर्ड फाइलमध्ये विषाणू नव्हताच. त्यात होता एक मॅक्रो, म्हणजे फाइलसोबत येणारा छोटा प्रोग्राम. म्हणूनच पुष्कळ अँटीव्हायरस अशा फाइलला सोडून देतात.

इंटरनेटवरून किंवा मेलमधून आलेल्या फाइलवर विंडोज एक अदृश्य शिक्का मारून ठेवतं. तो शिक्का पाहून वर्ड फाइल ‘प्रोटेक्टेड व्ह्यू’मध्ये उघडतं आणि वर पिवळी पट्टी दाखवतं: ‘एनेबल एडिटिंग’. ते दाबलं की दुसरी पट्टी येते: ‘एनेबल कंटेंट’. ही दोन कुलपं आहेत आणि दोन्हींच्या किल्ल्या वाचणाऱ्याच्याच हातात ठेवलेल्या. फाइलमधलं चित्र सांगायचं की हे कागदपत्र जुन्या आवृत्तीत किंवा मोबाइलवर बनवलं आहे, पाहण्यासाठी वरची बटणं दाबा. ते मायक्रोसॉफ्टच्या रंगात, त्यांच्याच बोधचिन्हासह असायचं. पण ती सूचना वर्डने दिलेली नाही. ती कागदावर छापलेला मजकूर आहे. वर्डच्या स्वतःच्या सूचना नेहमी पानाच्या बाहेर, वरच्या पट्टीत येतात. पानाच्या आत दिसणारी प्रत्येक सूचना फाइल बनवणाऱ्याने लिहिलेली असते. कर्मचाऱ्यांना दहा नियम पढवण्यापेक्षा हा एक फरक पडद्यावर दाखवून शिकवला तर तो लक्षात राहतो.

दुसरं बटण दाबल्यावरचा क्रम त्या काळात साधारण असा होता. मॅक्रो सुरू व्हायचा आणि विंडोजच्याच डब्ल्यूएमआय या सोयीमार्फत पॉवरशेल, म्हणजे विंडोजला लेखी आज्ञा देण्याचा प्रोग्राम, उघडायचा. थेट वर्डमधून उघडला असता तर ‘वर्डने पॉवरशेल का सुरू केलं?’ असा संशय यायला जागा होती, म्हणून हा वळसा. पॉवरशेलला दिलेल्या आज्ञेत सहसा पाच पत्ते असायचे, बहुतेक हॅक झालेल्या वर्डप्रेस साइटचे. पहिला बंद असला तर दुसरा, तोही नसला तर तिसरा. जिथे फाइल मिळेल तिथून ती उतरवून चालवायची. मग ती स्वतःची प्रत वापरकर्त्याच्या फोल्डरमध्ये ठेवायची आणि संगणक सुरू होताना आपोआप चालू होईल अशी नोंद करायची. वापरकर्ता ॲडमिन, म्हणजे संगणकाचे सगळे अधिकार असलेला, असेल तर थेट विंडोज सर्व्हिस म्हणून बसायची. चोरांच्या सर्व्हरवर ही फाइल वारंवार नव्या वेष्टनात गुंडाळली जायची, त्यामुळे अँटीव्हायरसची कालची ओळख आज उपयोगी पडायची नाही.

आत बसल्यावर इमोटेट ब्राउझर आणि मेल प्रोग्राममध्ये साठवलेले पासवर्ड काढायचा, मेल चोरायचा, आणि सोप्या पासवर्डांची यादी घेऊन जाळ्यातल्या इतर संगणकांवर प्रयत्न करायचा. मग तो ट्रिकबॉट या दुसऱ्या टोळीच्या घातक प्रोग्रामला बोलवायचा. हाइजमध्येही तसंच झालं. ट्रिकबॉट जाळ्यात पसरण्यात तरबेज होता. २०१७ च्या मार्चमध्ये मायक्रोसॉफ्टने दुरुस्त केलेली, पण कित्येक ठिकाणी तशीच राहिलेली फाइल शेअरिंगची त्रुटी तो वापरायचा. ॲडमिनचे पासवर्ड त्याच्या हाती लागले की तिसरी टोळी यायची, र्‍यूक हा खंडणीचा प्रोग्राम घेऊन. रात्री, बहुधा सुट्टीच्या तोंडावर, सगळे सर्व्हर एकदम कुलूपबंद.

सोमवार ते बुधवार

या प्रकरणातला सर्वात शिकण्यासारखा भाग हा आहे.

अँटीव्हायरसने इशारे दिले होते. तंत्रज्ञांनी ते पाहिले, संबंधित संगणक साफ केले आणि प्रश्न मिटल्यासारखं वाटलं. बुधवारी फायरवॉलच्या, म्हणजे जाळ्यात येणाऱ्या-जाणाऱ्या जोडण्यांवरच्या पहारेकऱ्याच्या, नोंदी पाहताना इमोटेटच्या माहीत असलेल्या सर्व्हरांकडे जाणाऱ्या जोडण्या दिसल्या. जाळ्याच्या आतही संशयास्पद हालचाली दिसल्या. तेव्हा कळलं की साफ केलेल्या संगणकांपलीकडे बरंच काही पसरलं आहे. मग त्यांनी योग्य आणि कठीण निर्णय घेतला: इंटरनेटची जोडणी पूर्ण तोडली. प्रकाशनगृहासाठी याचा अर्थ काय होतो ते वेगळं सांगायला नको. पण गोष्ट खंडणीपर्यंत न पोचण्यात या निर्णयाचा मोठा वाटा आहे.

दोन दिवस गेले ते ‘अँटीव्हायरसने पकडलं, म्हणजे थांबलं’ या समजुतीपायी. अँटीव्हायरसचा इशारा म्हणजे एक फाइल सापडली, एवढंच. ती सापडण्याआधी काय चालून गेलं हे तो सांगत नाही. आपल्याकडे याचंच रूप म्हणजे इंजिनिअर येतो, तो एक पीसी फॉरमॅट मारतो, हजार-दीड हजार घेतो आणि जातो. शेजारच्या टेबलावरच्या पीसीकडे कोणी पाहतही नाही. इशारा आला की विचारायचे प्रश्न वेगळे आहेत: या संगणकावरून मागच्या काही तासांत बाहेर कुठे जोडण्या गेल्या? ट्रिकबॉट ४४३ सोबत ४४७ आणि ४४९ हे पोर्ट, म्हणजे जोडणीच्या दारांचे क्रमांक, वापरायचा. साध्या कार्यालयातून ४४९ वर बाहेर जाणारी जोडणी दिसली तर ती घंटाच समजायची. याच संगणकावर कोणाकोणाचे पासवर्ड टाइप झाले? हाच मेल आणखी कोणाला आला, आणि त्यांनी काय केलं?

साफसफाईतली एक चूक तर आग वाढवते. तंत्रज्ञ बाधित संगणकावर डोमेन ॲडमिनचं, म्हणजे अख्ख्या जाळ्याचे अधिकार असलेलं, खातं वापरून लॉगइन करतो. त्या खात्याची ओळख संगणकाच्या मेमरीत उतरते, आणि चोर नेमका तिचीच वाट पाहत असतो. एका टेबलावरचा प्रश्न त्या क्षणी अख्ख्या कंपनीचा होतो. बाधित संगणकावर फक्त त्याच संगणकापुरतं ॲडमिन खातं वापरायचं, आणि तेही प्रत्येक संगणकावर वेगळ्या पासवर्डचं.

बटण दाबलं गेलं आहे असं कळल्यावरची पहिली पंधरा मिनिटं अशी जायला हवीत. नेटवर्कची केबल काढा, वायफाय बंद करा. संगणक बंद करू नका, मेमरीतला पुरावा जातो. दुसऱ्या, स्वच्छ संगणकावरून किंवा फोनवरून त्या व्यक्तीचा मेल पासवर्ड बदला आणि सगळीकडचं लॉगइन रद्द करा. त्याच मेलबॉक्समध्ये सेटिंग उघडून कोणी फॉरवर्डिंगचा नियम तर लावला नाही ना ते पाहा. पासवर्ड बदलला तरी तो नियम चालूच राहतो. मग सर्व्हरवर तो मेल बाकी सगळ्यांच्या इनबॉक्समधून काढा. सगळ्यांना फोन करून किंवा टेबलावर जाऊन सांगा, मेलवर नको. आणि ज्याने बटण दाबलं त्याला आधी धीर द्या. रागावलात तर पुढचा माणूस दोन तास गप्प बसेल, आणि त्या दोन तासांचे पैसे कार्यालय मोजेल. बँकेचा पैसा गेला असेल तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन. भारतात कंपन्यांना अशा घटना सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेला सहा तासांत कळवाव्या लागतात, हा एप्रिल २०२२ चा आदेश आहे.

पुन्हा उभारणी

हाइजने बाधित संगणक झाडूनपुसून परत वापरायचा नाद सोडला. वेगळं, स्वच्छ जाळं उभं केलं, संगणक नव्याने बसवले, ॲक्टिव्ह डिरेक्टरी, म्हणजे जाळ्यातल्या सगळ्या खात्यांची आणि अधिकारांची यादी, तीही नवी केली. कारण सरळ आहे. एकदा ॲडमिनचा ताबा गेला असण्याची शक्यता निर्माण झाली की जुन्या डिरेक्टरीतलं कोणतं खातं खरं आणि कोणतं पेरलेलं, याची खात्री कोणी देऊ शकत नाही. अहवाल लिहिला तोवरच थेट खर्च ५० हजार युरोंच्या वर गेला होता. वाया गेलेले कामाचे तास वेगळे.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बर्लिनच्या काम्मरगेरिश्ट या उच्च न्यायालयात इमोटेट सापडला. तिथल्या तपासणी अहवालात जाळ्याचे भाग पाडलेले नव्हते यावर ठळक बोट ठेवलं गेलं. न्यायालयाला राज्याच्या जाळ्यापासून तोडावं लागलं आणि कामकाज कित्येक महिने रखडलं.

पाच-दहा संगणकांच्या कार्यालयाने काय करावं

मोठ्या संस्थेचे उपाय छोट्या कार्यालयाला परवडत नाहीत, पण या साखळीच्या कड्या फुकटातही तुटतात.

पहिली कडी मॅक्रोची. वर्ड आणि एक्सेल दोन्हींमध्ये फाइल, ऑप्शन्स, ट्रस्ट सेंटर, ट्रस्ट सेंटर सेटिंग्ज, मॅक्रो सेटिंग्ज असं जा आणि ‘डिसेबल ऑल मॅक्रोज विदाउट नोटिफिकेशन’ निवडा. त्याच्या जवळचा ‘विथ नोटिफिकेशन’ हा पर्याय निवडू नका. त्यात ते पिवळं बटण येतंच, आणि सगळा खेळ त्या बटणाचाच आहे. मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो मुळातच अडवायला सुरुवात केली, पण जुन्या ऑफिस आवृत्त्या आपल्याकडे अजून पुष्कळ टेबलांवर आहेत.

इथे आपल्याकडची एक खरी अडचण आहे. जीएसटीच्या आणि प्राप्तिकराच्या कामासाठी सरकारी संकेतस्थळांवरून मिळणाऱ्या एक्सेल युटिलिटी मॅक्रोवरच चालत आल्या आहेत. ‘एनेबल कंटेंट’ दाबा ही पहिली सूचना सीए कार्यालयातल्या आर्टिकल मुलांना सरकारी फाइलनेच शिकवली. वर्षातून शंभर वेळा ते बटण दाबणाऱ्या हाताला एकशे एकाव्या वेळी थांब म्हणून भागत नाही. त्यावरचा मार्ग असा: मॅक्रो सगळीकडे बंदच ठेवायचे, संगणकावर एकच फोल्डर करायचं, ट्रस्ट सेंटरमधल्या ‘ट्रस्टेड लोकेशन्स’मध्ये तेवढं जोडायचं, आणि संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करून उतरवलेल्या युटिलिटी तिथेच ठेवायच्या. मेलने किंवा व्हॉट्सॲपवर आलेली युटिलिटी, मग ती कोणीही पाठवलेली असो, त्या फोल्डरमध्ये टाकायची नाही.

या फोल्डरचं महत्त्व चोरांनाही कळतं. जानेवारी २०२१ मध्ये युरोपोलच्या समन्वयाने आठ देशांनी इमोटेटचे सर्व्हर ताब्यात घेतले आणि एप्रिलमध्ये बाधित संगणकांवरून तो काढून टाकला गेला. पण नोव्हेंबर २०२१ मध्ये तो ट्रिकबॉटच्याच खांद्यावर बसून परत आला. नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या त्याच्या एक्सेल फाइली वाचणाऱ्याला सांगायच्या की ही फाइल आधी ऑफिसच्या ‘टेम्प्लेट्स’ फोल्डरमध्ये कॉपी करा आणि तिथून उघडा, कारण ते फोल्डर विश्वासाचं धरलेलं असतं. मार्च २०२३ मध्ये वननोट या मायक्रोसॉफ्टच्या टिपणवहीच्या फाइली आल्या. त्यांत बटणाच्या चित्राखाली स्क्रिप्ट दडवलेली होती.

म्हणून दुसरी कडी: एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूत ‘फाइल नेम एक्सटेन्शन्स’वर खूण करा, म्हणजे फाइलचा प्रकार सांगणारी नावाची शेपटी दिसेल. ४ मे २००० ला मनिलाहून निघालेलं ‘लव्ह लेटर’ हे मेलमधून पसरणारं विषाणूचं पत्र याच एका झाकलेल्या शेपटीवर जगभर पसरलं. शेवटचं व्हीबीएस विंडोज लपवायचं आणि लोकांना साधी मजकुराची फाइल दिसायची. मग जेएस, व्हीबीएस आणि एचटीए या प्रकारच्या फाइलींवर राइट क्लिक करून ‘ओपन विथ’मध्ये नोटपॅड कायमचं निवडून ठेवा. उद्या कोणी चुकून दोनदा क्लिक केलं तरी स्क्रिप्ट चालणार नाही, अक्षरं दिसतील. पासवर्ड लावलेली झिप फाइल आणि त्याच मेलमध्ये तिचा पासवर्ड, असं आलं तर थांबाच. असा पासवर्ड गुप्ततेसाठी नसतो. मेल तपासणाऱ्या यंत्राला झिप उघडता येऊ नये यासाठी असतो.

तिसरी कडी: रोजचं काम ॲडमिन नसलेल्या खात्यावर करा. ॲडमिन खातं वेगळं, त्याचा पासवर्ड एकाच माणसाकडे. चौथी: ज्या संगणकावरून कोणी फाइल शेअर करत नाही, त्याच्या नेटवर्क सेटिंगमध्ये जाळ्याचा प्रकार ‘पब्लिक’ करा. मग शेजारच्या संगणकाकडून येणारं फाइल शेअरिंग विंडोजचा फायरवॉलच अडवतो. इमोटेटची एका संगणकावरून दुसऱ्यावर जाण्याची आडवी चाल तिथे अडखळते.

बॅकअपसाठी दोन बाहेरच्या हार्ड डिस्क घ्या. एका आठवड्यात एक जोडायची, दुसऱ्यात दुसरी. बॅकअप झाला की केबल काढून डिस्क कपाटात, दुसरी मालकाच्या घरी. कायम जोडून ठेवलेली डिस्क ही खंडणीवाल्यांच्या दृष्टीने संगणकाचाच भाग. आणि तीन महिन्यांतून एकदा टॅलीचा डेटा त्या डिस्कवरून दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा.

चोरलेले मेल परत येत नाहीत

संगणक साफ झाला, पासवर्ड बदलले, तरी १८० दिवसांची संभाषणं चोरांकडेच राहतात. त्यांचा वापर नंतर कित्येक महिने होत राहतो, तुमच्या नावाने, तिसऱ्याच सर्व्हरवरून. त्यावर तांत्रिक उपाय तुमच्याकडे नाही. म्हणून मागच्या सहा महिन्यांत ज्यांना ज्यांना मेल गेले किंवा ज्यांचे आले, त्या सगळ्यांना कळवावं लागतं. लाज वाटते म्हणून बहुतेक जण हे टाळतात आणि आपल्याच ग्राहकाला पुढचा बळी होऊ देतात. कळवताना मोघम लिहू नका. मजकूर असा ठेवता येतो:

‘आमच्या एका संगणकातून अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतचे मेल चोरीला गेले आहेत. आपल्याशी झालेल्या जुन्या संभाषणाला जोडून आमच्या नावाने खोटे मेल येऊ शकतात. त्यांत जुना मजकूर खरा असेल. आम्ही मॅक्रो असलेली, झिप किंवा वननोट फाइल पाठवणार नाही. आमचा बँक खाते क्रमांक बदललेला नाही. बदलला तर फोनवर सांगू. असा मेल आला तर उघडू नका, पुढे पाठवू नका. पडद्याचा फोटो काढून आपल्याकडे आधीपासून असलेल्या आमच्या नंबरवर पाठवा. या मेलमध्ये आम्ही मुद्दाम कोणतीही लिंक किंवा फाइल जोडलेली नाही.’